उतारवयात फळे खाताना: फोडी, प्रमाण आणि पथ्य

घरात फळांची टोपली भरलेली असूनही आजी-आजोबांच्या पोटात फळ जात नाही, याचे कारण बहुधा नावड नसून दात हे असते. पेरूची बी कवळीखाली अडकली की हिरडीला टोचत राहते, सफरचंदाची साल चावता चावत नाही आणि डाळिंब सोलण्याइतका जोर बोटांत उरलेला नसतो. म्हणून कोणते फळ आणावे यापेक्षा ते कसे द्यावे, हे आधी ठरवावे.

पेरू पिकलेला, दाबल्यावर किंचित नमणारा घ्यावा, उभा चिरून मधला बियांचा गर चमच्याने काढून टाकावा आणि उरलेल्या भागाच्या पातळ फोडी कराव्यात. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते व ते पालेभाजी-भाकरीतील लोह शोषले जाण्यास मदत करते. त्यामुळे या फोडी जेवणाच्या ताटातच वाढाव्यात. सफरचंद सोलून, थोड्या पाण्यात झाकण ठेवून वाफवले की चमच्याने मोडते. पपई, केळे, चिकू यांना फारसे काही करावे लागत नाही. सीताफळ मात्र बिया काढल्याशिवाय आणि द्राक्षे उभी चिरल्याशिवाय देऊ नयेत, कारण या वयात घास घशात अडकण्याचा धोका वाढलेला असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत दिवसाला १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत, म्हणजे साधारण एक मध्यम केळे. मोसंबीच्या रसाचा पेला हा त्याला पर्याय नव्हे: तीन-चार मोसंब्यांची साखर एकदम पोटात जाते आणि बद्धकोष्ठावर उपयोगी पडणारा चोथा गाळणीतच राहतो. मधुमेह असला तरी फळ वर्ज्य नाही. ते भरपेट जेवणावर न घेता चारच्या चहाबरोबरच्या बिस्किटांऐवजी घ्यावे, आणि आमरस असेल त्या दिवशी एक पोळी कमी करावी. फराळ हा शब्द फलाहारावरूनच आला, तरी एकादशीच्या ताटात साबुदाण्यापुढे फळ शोधावे लागते. तिथेही हीच अदलाबदल करता येईल.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास केळे व शहाळ्याचे पाणी यांतील पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही रक्तातील पोटॅशियम वाढते आणि पपनस कोलेस्टेरॉलच्या काही औषधांशी जुळत नाही, म्हणून चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवून विचारावे. फोडी फ्रिजमध्ये ठेवल्या असतील, तर खाण्यापूर्वी थोडा वेळ आधी बाहेर काढाव्यात. गारव्याने दात ठणकले की ती वाटी तशीच परत येते.