फोटोतलं नको ते काढायचं का, आणि काढायचंच असेल तर कसं

मागे एका लग्नाचा अल्बम एडिटिंगला बाहेर दिला होता. एडिटर मुलगा हाताने एकदम साफ पण महाराष्ट्रातला नाही, त्याला मी नेहमीसारखं सांगून टाकलं की बॅकग्राउंडचा कचरा काढून टाक, माझ्या डोक्यात पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, व्हिडिओवाल्याचा लाइट असलं काहीतरी होतं. अल्बम छापून घरपोच झाला आणि दुसऱ्याच दिवशी नवरीच्या आईचा फोन, "अहो, अंतरपाटाच्या फोटोत आमचा दादा कुठाय?" दादा म्हणजे नवरीचा मामा. भाचीच्या पाठीशी उभा. एडिटरला वाटलं कोणीतरी काका मध्येच येऊन उभे राहिलेत, त्याने उडवले, आणि इतक्या सफाईने उडवले की प्रूफ बघताना मलाही कळलं नाही. पान परत छापून दिलं, अर्थात माझ्याच खर्चाने.

तेव्हापासून कुणी विचारलं की फोटोतली अमुक गोष्ट कशी काढायची, तर मी आधी टूलचं नाव सांगत नाही. आधी विचारतो फोटो जाणार कुठे आहे आणि बघणारा त्यावर कशासाठी विश्वास ठेवणार आहे.

बातमीसाठी असेल तर विषयच संपला, काहीही काढायचं नाही. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका सोडून. नार्सिसो कॉन्ट्रेरास हा एपी म्हणजे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी सीरियात काम करणारा फोटोग्राफर, 2013 चं पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं बक्षीस मिळवणाऱ्या टीममधला माणूस. त्याने एका बंडखोर सैनिकाच्या फोटोच्या कोपऱ्यात आलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा क्लोन करून (म्हणजे फोटोतलाच दुसरा भाग कॉपी करून त्यावर चिकटवून) पुसला. बातमीच्या दृष्टीने त्या कॅमेऱ्याला काडीचं महत्त्व नव्हतं. त्याने स्वतःच ते कबूल केलं तरी जानेवारी 2014 मध्ये एपीने त्याच्याशी संबंध तोडले. त्याचे जवळपास 500 फोटो तपासले तर बदललेला तेवढा एकच निघाला, पण एकदा पुसलं की बाकीच्या 499 कडेही लोक संशयाने बघणार ना.

स्पर्धेचं याहून गमतीशीर आहे. 2010 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या जागतिक स्पर्धेने स्टेपान रुडिक या युक्रेनियन फोटोग्राफरचं बक्षीस काढून घेतलं. त्याने मूळ रंगीत फोटो प्रचंड क्रॉप केला होता, ब्लॅक अँड व्हाइट केला होता, कॉन्ट्रास्ट भरपूर चढवला होता, हे सगळं चाललं. नाही चाललं ते काय, तर मागे आलेला कुणाच्या तरी पायाचा छोटासा तुकडा पुसला ते. अनेकांना हा शुद्ध वेडेपणा वाटला, मला नाही वाटत, कारण क्रॉप केल्यावर जे उरतं ते तरी तिथे होतंच, पुसलेल्या जागी मात्र तुम्ही काहीतरी नवीन रंगवलेलं असतं. म्हणून स्पर्धेला पाठवताना नियम शेवटपर्यंत वाचा, फायनलला गेलात तर रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची, न बदललेली फाइल) मागतात. वाइल्डलाइफवाल्यांनी तर जास्तच सांभाळा. भिगवणला फ्लेमिंगोच्या मानेसमोर काडी आली म्हणून जीव जळतो हे मान्य, पण स्पर्धेच्या फोटोत ती काडी राहू द्या किंवा दुसरी फ्रेम निवडा. आणि पक्ष्याच्या पायात जाळीचा तुकडा अडकलेला असेल तर तो इन्स्टासाठीसुद्धा काढू नका, अहो तीच तर त्या फोटोतली मुख्य गोष्ट आहे.

मोठी माणसंही यात सापडलीत. स्टीव्ह मॅककरी, हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढणारा, 2016 मध्ये इटलीतल्या प्रदर्शनात त्याच्या क्युबाच्या एका प्रिंटमध्ये क्लोनिंगची ढोबळ चूक राहिलेली दिसली, मग लोक त्याचे जुने फोटो उकरायला लागले आणि आणखी गायब झालेली माणसं आणि वस्तू निघाल्या. त्यावर तो म्हणाला की मी आता स्वतःला व्हिज्युअल स्टोरीटेलर म्हणवतो, फोटोजर्नलिस्ट नाही. ठीक आहे, पण ते आधी सांगायला हवं होतं असं आपलं माझं मत.

लग्न, पोर्ट्रेट, प्रॉडक्ट इथे मोकळीक आहे. पोर्ट्रेटला मी साधा हिशोब ठेवतो, पंधरा दिवसांनी आपोआप जाणार असेल ते काढायचं (पिंपल, डास चावल्याचा फोड, चष्म्याचा वळ), कायमचं असेल ते विचारल्याशिवाय काढायचं नाही (तीळ, जखमेची खूण). स्थळासाठीच्या फोटोला हमखास फर्माईश येते, जरा रंग उजळ करा, टक्कल झाकता येईल का, मी सरळ सांगतो की मुलगी बघायला येणार आहे ना, मग? घराच्या जाहिरातीत टेबलावरचा चार्जर आणि डस्टबिन काढा, पण भिंतीची ओल आणि खिडकीसमोरचा ट्रान्सफॉर्मर काढलात तर ते एडिटिंग नाही, फसवणूक आहे, बिल्डर कितीही गोड बोलला तरी.

आता प्रत्यक्ष कसं. अर्ध्याहून जास्त कचरा शटर दाबायच्या आधीच जातो, आणि लोक हेच करत नाहीत. दोन पावलं डावीकडे सरका, डोक्यातून उगवलेला खांब बाजूला जातो. गुडघ्यावर बसा, मागची गर्दी विषयाआड लपते आणि आकाश मिळतं. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) उघडा, मागचं धूसर होतं. काचेवरच्या रिफ्लेक्शनला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा. लग्नात तर मी स्टेजवर जाऊन बाटल्या आणि पिशव्या स्वतः उचलतो, दोन मिनिटांचं काम, नाहीतर रात्री दोनशे फोटोंत तीच बाटली पुसत बसा.

शनिवारवाड्यासारख्या ठिकाणी गर्दी हटत नाही, तिथे ट्रायपॉड लावून (परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या) एक्स्पोजर मॅन्युअल लॉक करा आणि दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने पंधरा-वीस फ्रेम घ्या. फोटोशॉपमध्ये स्क्रिप्ट्समधून त्या एका स्टॅकमध्ये लोड करा, अलाइन करा, स्मार्ट ऑब्जेक्ट करून स्टॅक मोड मीडियन निवडा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी सगळ्या फ्रेममधली मधली किंमत घेतली जाते. जी जागा निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये रिकामी होती ती रिकामीच येते, माणसं आपोआप गायब. फक्त एका जागी बसलेले वॉचमन काका तसेच राहतात, त्यांना चहाला पाठवणं हा वेगळा स्किल आहे. हे मला पुसण्यापेक्षा प्रामाणिक वाटतं कारण मागे दिसणारा प्रत्येक दगड खरोखर कॅमेऱ्याने टिपलेला असतो, पण बातमीत हेही चालणार नाही बरं का.

सॉफ्टवेअरमध्ये पुसताना पहिली गोष्ट, मूळ लेयरला हात लावायचा नाही. वर नवीन रिकामा लेयर घ्या, टूलमध्ये सॅम्पल करंट अँड बिलो (म्हणजे हा आणि खालचा लेयर बघून काम कर) ठेवा आणि सगळं त्या लेयरवर करा. आकाशातल्या केबलच्या वायरींसाठी हीलिंग ब्रश, साइज वायरपेक्षा किंचित मोठी, एका टोकाला क्लिक, शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक, सरळ वायर गेली. झोळ पडलेली वायर असेल तर छोटे छोटे तुकडे करत जा. वायर जिथे भिंतीला किंवा झाडाला टेकते तिथे मात्र हीलिंग ब्रश गडद रंग आकाशात फासतो, तिथे झूम करून क्लोन स्टॅम्प वापरा, कडा थोडी हार्ड ठेवून. क्लोन करताना सॅम्पलची जागा सतत बदलत राहा, नाहीतर एकच ढग किंवा गवताचा तोच पुंजका चार ठिकाणी दिसतो आणि तिथेच चोरी पकडली जाते.

माणूस काढला की त्याची सावली काढा. पाण्यातलं, काचेतलं, गाडीच्या बॉनेटवरचं प्रतिबिंबही काढा, निम्मे लोक इथेच फसतात. झालं की फोटो आडवा फ्लिप करून बघा, डोळ्याला सवय झालेली असते ती मोडते आणि डाग लगेच दिसतो.

फोनवरचे इरेझर म्हणजे पिक्सेलचा मॅजिक इरेझर, सॅमसंगचा ऑब्जेक्ट इरेझर, आयफोनचं क्लीन अप, किंवा स्नॅपसीडचं हीलिंग, लांबच्या छोट्या गोष्टींसाठी मस्त चालतात. विषयाला चिकटलेली गोष्ट असेल तर बोटं वितळलेली येतात, त्यापेक्षा राहू द्या.

आणि जनरेटिव्ह फिल, म्हणजे फोटोशॉपमधलं एआयने जागा भरणारं टूल. हे पुसत नाही, हे नवीन चित्र काढतं, एवढं डोक्यात ठेवा. मी एका जुन्या हेमाडपंती देवळात खांबासमोर उभी असलेली बाई याने काढली, मागे इतकी सुंदर नक्षी आली की मी खूश, मग त्याच खांबाची दुसरी फ्रेम बघितली तर तिथे नक्षी नाहीच, साधा चौकोनी दगड. शिलालेख असेल तर अक्षरासारखी दिसणारी वळवळ काढून देतं. किल्ले, देवळं, वाडे यांच्या फोटोत मी आता ते वापरतच नाही, कारण आज आपण हौसेने टाकलेला फोटो उद्या कुणीतरी अभ्यासाला घेतो. त्याच कारणाने जुन्या पेठांच्या फोटोतल्या वायरी आणि दुकानांच्या पाट्या पण मी ठेवायला लागलोय, वडिलांनी काढलेल्या गल्लीच्या फोटोत आम्ही आता काय शोधतो तर पाट्याच.

शेवटी फाइल्स. रॉ कधीच डिलीट करायची नाही, लेयरवाली फाइल वेगळी, आणि पुसलेल्या जेपीजीच्या नावात मी सरळ "काढलंय" असं टाकतो म्हणजे दोन वर्षांनी मलाच शंका येत नाही. क्लायंटला अल्बम छापायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ आणि पुसलेला असे दोन्ही फोटो शेजारी पाठवतो आणि खाली लिहितो की मागची खुर्ची, दोन बाटल्या आणि डावीकडचे निळा शर्टवाले गृहस्थ काढलेत, नात्यातले असतील तर आजच सांगा. इतरत्र टाकताना कॅप्शनमध्येच एक ओळ लिहा, "वायरी काढल्या आहेत", मेटाडेटाच्या (फाइलच्या आत लिहिलेल्या माहितीच्या) भरवशावर राहू नका, कारण फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून फिरला की मेटाडेटा गळून पडतो.