बेळगावात नोकरी शोधताय? बायोडेटावर फोटो लावायचा की नाही, ते आधी ठरवा

चंदगड, आजरा, गडहिंग्लज, दोडामार्ग या बाजूची मुलं बेळगावात कामाला आली की खोली मिळाल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतात. सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. तुमचा कागद कुणाच्या हातात पडणार, त्यावर ते ठरतं.

उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा इथल्या फौंड्री आणि मशिन शॉपसाठी फोटो लावाच. तिथं बायोडेटा गेटवर वॉचमनकडे किंवा ऑफिसातल्या टेबलावर द्यायचा असतो. दिवसात दहा-पंधरा टर्नर, फिटर, सीएनसी ऑपरेटर येऊन जातात. संध्याकाळी मालक गठ्ठा चाळतो तेव्हा पाटील आणि गावडे कोण कुठला ते आठवत नाही. मायक्रोमीटरवर रीडिंग बरोबर सांगणारा मुलगा चेहऱ्यावरूनच ओळखू येतो. दुकान, हॉटेल, शाळा, दवाखान्यातलं रिसेप्शन इथंही फोटो धरूनच चालतात.

अर्ज कंपनीच्या वेबसाइटवर भरायचा असेल तर फोटो काढून टाका. तिथं बायोडेटा आधी सॉफ्टवेअर वाचतं. फोटो बसवायला केलेल्या चौकटीत नाव आणि मोबाइल नंबर अडकला तर तो मजकूर वाचला जाईलच असं नाही. पुढं परदेशी अर्ज करायचा विचार असेल तर आखाती देशांत फोटो चालतो, अमेरिका-ब्रिटनला तो नको असतो, कारण रंगरूपावरून भेदभाव केल्याचा आरोप तिथल्या कंपनीवर येऊ शकतो. जर्मनीत फोटो लावायची जुनी पद्धत आहे, पण 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर त्याची सक्ती राहिलेली नाही.

आता फोटो कसा. पासपोर्ट मापाचा, 35 बाय 45 मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, कॉलरचा साधा शर्ट, दोन्ही कान दिसतील असा. गॉगल नको, फेटा नको, मोर्च्यातलं उपरणं गळ्यात नको. लग्नाच्या वरातीतला चेहरा कापून लावलेला तर मुळीच नको. मागं कुणाचा तरी खांदा राहतोच. स्टुडिओतून आठ कॉप्या घ्या आणि त्याच वेळी सॉफ्ट कॉपी मागून घ्या. ती व्हॉट्सअपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबली जाऊन चेहरा मऊ, पुसट होतो.

कागदावर द्यायचा असेल तर आधी बायोडेटाच्या झेरॉक्स काढा, मग प्रत्येक प्रतीवर वेगळा फोटो गमनं चिकटवा. बरेच जण उलटं करतात. एकावर फोटो लावतात आणि त्याच्या वीस झेरॉक्स मारतात. चेहऱ्याचा काळा डाग होतो आणि फोटो लावल्याचा उपयोगच राहत नाही. स्टेपलर मारू नका, पिन नेमकी कपाळावर बसते. फोटोच्या मागं नाव आणि नंबर पेन्सिलनं हलक्या हातानं लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात.

पीडीएफ करायची असेल तर फोटो वर उजवीकडे, अडीच ते तीन सेंटिमीटर रुंद. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो तसाच टाकला की फाइल जड होते. फोटो आधी लहान करा आणि अख्खी पीडीएफ 500 केबीच्या आत बसवा.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. बायोडेटाला आधारची झेरॉक्स जोडू नका. फोटो, जन्मतारीख, पत्ता, सही आणि आधार नंबर एकाच पीडीएफमध्ये घालून ती फाइल ‘जॉब ग्रुप’वर टाकणारी मुलं रोज दिसतात. एवढ्या ऐवजावर तुमच्या नावानं कर्ज काढायचा प्रयत्न कुणीही करू शकतो, आणि वसुलीचा फोन येईपर्यंत तुम्हाला पत्ताही लागत नाही. गाववाला ‘दे इकडं, मी साहेबाला देतो’ म्हणाला तरी नाही म्हणा. आपली माणसं मनानं चांगली असतात, पण कागद पुढं ढकलताना कुणाकडे जातोय ते बघत नाहीत. आधार लागतं ते निवड झाल्यावर, पीएफ आणि ईएसआय म्हणजे कामगार विम्यासाठी. त्याआधी कुणी मागितलंच तर आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार उतरवून घ्या आणि झेरॉक्सवर आडवं लिहा: फक्त अमुक कंपनीतल्या नोकरीसाठी, आणि खाली तारीख. निवडीआधी पूर्ण नंबर दिसणारं आधार नाही, म्हणजे नाही.

सायबरवाला बायोडेटा करून देत असेल तर समोर बसून करून घ्या. त्याच्याकडे लग्नाच्या बायोडेटाचा साचा तयार असतो, त्यातच तो तुमचं नाव घालतो. मग वर ॥ श्री ॥ येतं, खाली उंची, वर्ण, रास, मामाचं गाव. हे सगळं काढा. त्या जागेत मशिनचं नाव, त्याचा कंट्रोलर कुठल्या कंपनीचा, फानुक की सिमेन्स, आणि ड्रॉइंग वाचता येतं का, एवढं लिहा.

बारावीपुढं ‘पीयूसी समतुल्य’ लिहा, इथं कर्नाटकात बारावीला पीयूसी हाच शब्द चालतो. इंग्रजी पत्त्यात बेळगावी लिहा. 2014 पासून शहराचं सरकारी नाव तेच आहे. घरी आपण बेळगावच म्हणतो, ते राहू दे. कन्नड येत नसेल तर ‘येते’ लिहू नका, ‘थोडी समजते, शिकत आहे’ लिहा. बाहेर सीमाप्रश्नावर कितीही तापो, शॉप फ्लोअरवर कन्नड-मराठी मिसळूनच बोलतात, आणि शिकणाऱ्याला इथली माणसं सांभाळून घेतात.

बँकांच्या आयबीपीएस परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्यांचं माप वेगळं: फोटो 200 बाय 230 पिक्सेल, 20 ते 50 केबी. फॉर्मला जो फोटो लावलात त्याच्याच कॉप्या परीक्षा होईपर्यंत जपून ठेवा, आणि मधे दाढी-मिशीचं रूप बदलू नका.