कोर्टात जायच्या आदल्या रात्री पिशवीत काय भराल

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये" हे वाक्य माहेरी परत आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ऐकवतं. सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण त्या वाक्यापायी दोन-दोन वर्षं निघून गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्या वर्षांची पोटगी मग सहसा हाती लागत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. निकाल कितीही उशिरा लागो, हिशोब त्या तारखेपासून. म्हणून तयारी नीट करा, पण तयारीच्या नावाखाली सहा महिने घालवू नका. एक आठवडा पुरतो.

मी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची स्वयंसेविका म्हणून बसते. तिथं येणाऱ्या बायकांना, आणि पुरुषांनाही, जे तोंडी सांगते तेच इथं लिहिते आहे. हे सगळं महाराष्ट्रापुरतं. गोव्यात कौटुंबिक कायदाच वेगळा आहे, तिथल्यांनी तिथल्या वकिलांना विचारावं.

पहिलं काम म्हणजे कुठल्या कोर्टात जायचं ते ठरवणं. निम्म्या बायकांचा समज असतो की केस सासरच्या गावीच करावी लागते, आणि त्या प्रवासाच्या धास्तीनंच त्या गप्प बसतात. तसं नाही. हिंदू विवाह कायद्याखालचा अर्ज लग्न लागलं तिथं, समोरचा माणूस राहतो तिथं, किंवा दोघं शेवटचे एकत्र राहिलात तिथं करता येतो. आणि २००३ च्या दुरुस्तीपासून अर्ज करणारी पत्नी असेल तर ती आज राहते तिथंही. पोटगीचा अर्जही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून सगळे अजून त्याला "एकशे पंचवीस" म्हणतात, पण १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. अर्जावर नवं कलम लिहा. घरगुती हिंसाचाराच्या अर्जाला तर तात्पुरता मुक्कामही पुरतो. मुलाचा ताबा मागायचा असेल तर मात्र मूल नेहमी कुठं राहतं ते पाहिलं जातं. तेव्हा माहेरचा पत्ता दाखवणारा एक तरी कागद हवा: ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, किंवा मुलाला इथल्या शाळेत घातलं असेल तर शाळेचा बोनाफाईड. आधारवर सासरचा पत्ता आहे म्हणून थांबू नका.

आता दार कुठलं ते. मुंबई, पुणे, नागपूर, ठाण्यासारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. तिथं घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा एकाच इमारतीत. जिथं ते नाही तिथं घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे, पोटगी आणि हिंसाचाराचा अर्ज तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हिंसाचाराचा अर्ज शहरातही दंडाधिकाऱ्यांकडेच जातो, कौटुंबिक न्यायालयाच्या खिडकीवर तो घेत नाहीत. हे आधी माहीत असलं की एक खेप वाचते.

मग कागद. लग्न झाल्याचा पुरावा सगळ्यांत आधी काढून ठेवा. विवाह नोंदणी दाखला असेल तर उत्तम. गावात लग्न झालं असेल तर ग्रामसेवकाकडे, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत त्याची प्रत मिळते. नोंदणीच झाली नसेल तर लग्न खोटं ठरत नाही. गेल्या पावसाळ्यात एक बाई आली, डाळीच्या रिकाम्या पिशवीत कागद गुंडाळून. दाखला नव्हता म्हणून ती रडवेली झाली होती. पिशवीच्या तळाशी लग्नपत्रिका निघाली, चारही कोपऱ्यांना कुंकू लावलेली, एक घडी फाटत आलेली. तिच्यासोबत सप्तपदीचा एक फोटो. या दोन वस्तूंवर तिचा अर्ज उभा राहिला. पत्रिका फेकू नका, आणि तिच्यावर पिन मारू नका. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.

त्यामागून मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, रेशनकार्ड, तुमचं बँक पासबुक. दागिन्यांची पावती असेल तर ती, नसेल तर अंगावर दागिने दिसणारे लग्नातले फोटो. नवऱ्याच्या उत्पन्नाचं जे हाती लागेल ते. पगारपत्रक नसतं बहुतेकींकडे. शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ उतारा कुणालाही ऑनलाइन काढता येतो, त्याला नवऱ्याची परवानगी लागत नाही. गाळा, ट्रॅक्टर, भाड्याच्या खोल्या, जे माहीत आहे ते गट नंबर किंवा गाडी नंबरासह एका कागदावर लिहा. मोबाईलमधले मेसेज दाखल करायचे असतील तर तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटच्या छपाईवर भागेलच असं नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं, ते वकील तयार करून देतात.

एक वही घाला आणि तिच्यात तारखा लिहा. लग्न कधी, घर कधी सोडलं, का, कोण हजर होतं, पोलीस ठाण्यात तक्रार दिली असेल तर तिचा नंबर. आठवत नसेल तर सण आठवा; "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी" एवढं आठवलं तरी कॅलेंडरवरून तारीख निघते. उलटतपासणीत माणूस तारखांवरच अडखळतो, आणि खरं बोलणारं माणूस खोटं वाटायला लागतं. म्हणून या वहीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते. आधी कुठलीही केस झाली असेल, निकाली निघाली असेल, मागे घेतली असेल, तीही लिहा. ती लपवून ठेवली की पुढं तीच अंगावर येते.

अर्ज मराठीत चालतो, तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठीच आहे. पोटगीच्या अर्जासोबत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. हाही रजनेश विरुद्ध नेहा मधलाच नियम. त्यात स्वतःची कमाई कमी दाखवायचा मोह होतो, शेजारीणपाजारीण तसा सल्लाही देते. तसं दाखवू नका. शिलाईचे महिन्याला चार हजार मिळत असतील तर चार हजारच लिहा. तुम्ही थोडं कमावता म्हणून पोटगी बंद होत नाही, पण खोटं सापडलं तर तुमच्या बाकीच्या शब्दालाही किंमत राहत नाही. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. बाहेर कुणी पाचशेचा स्टँप घ्यायला लावत असेल तर आधी आत विचारा.

पैशाचं बोलायचं तर पोटगी, घटस्फोट, हिंसाचार यांच्या केसमध्ये महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी माफ आहे. वकीलही फुकट मिळतो: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाई असणं एवढंच पुरेसं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं, फोन १५१००. कौटुंबिक न्यायालयात वकिलाशिवायही स्वतः उभं राहता येतं. खरं तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ नं वकील हा तिथं हक्क ठेवलेलाच नाही, न्यायालयाच्या परवानगीनं तो येतो. तरी ताबा किंवा मालमत्तेचा वाद असेल तर एकट्यानं जाऊ नका असं मी सांगेन.

दाखल करायच्या दिवशी सकाळी लवकर पोचा. अर्जाचे किमान तीन संच: एक कोर्टाला, एक समोरच्याला, एक तुमचा. समोरचे दोघे-तिघे असतील तर तेवढे जास्त. मूळ कागद दाखवायला न्या, पण सुरुवातीला झेरॉक्सच द्या, आणि मूळ कागद द्यावाच लागला तर कागदांच्या यादीवर पोच घ्या. समोरच्याचा पत्ता खुणेसकट लिहा, "मारुती मंदिरामागे, पिठाच्या गिरणीशेजारी" असा. समन्स बजावणी न होता परत आलं की एकेक तारीख फुकट जाते, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा अर्धवट पत्ता हेच असतं. जमलं तर त्याच्या कामाच्या जागेचाही पत्ता द्या.

परस्पर संमतीनं वेगळं होणार असाल तर यादी छोटी. वर्षभर वेगळे राहिल्याचं दिसलं पाहिजे, आणि पहिल्या व दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांचं अंतर असतं; योग्य प्रकरणात न्यायालय ते माफ करू शकतं असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली म्हटलं. संमतीच्या अटींत रक्कम, तारीख, दागिने, मुलाच्या भेटीचे दिवस सगळं आकड्यांत लिहा. "नंतर बघू" हे शब्द त्या कागदावर येऊ देऊ नका.

अर्ज दाखल झाला की सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळतो, महाराष्ट्रात तो एमएचनं सुरू होतो. तो मोबाईलमध्ये, वहीत आणि आईच्या किंवा भावाच्या फोनमध्ये, तीन ठिकाणी ठेवा. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या कळते. नावानं शोधत बसू नका. वैवाहिक प्रकरणांत नावं झाकलेली असू शकतात, आदेशही सहसा उघडत नाहीत. स्मार्टफोन नसेल तर कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात विचारा. कौटुंबिक न्यायालयात केस नंबरच्या आधी एक अक्षर असतं, घटस्फोटाला ए, पोटगीला ई, संमतीच्या अर्जाला एफ. ते अक्षर चुकलं की दुसऱ्याचीच केस निघते.

आता नकलांचं. हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण आमच्याच घरात हे घडलं. माझ्या मावसबहिणीचा घटस्फोट झाला, तेव्हा तिच्याकडे आलं ते निकालपत्राची साधी झेरॉक्स. फाइल वकिलांकडे राहिली. अकरा वर्षांनी पासपोर्टवरचं नवऱ्याचं नाव काढायला गेली तर हुकूमनाम्याची, म्हणजे निकालावरून काढलेल्या औपचारिक आदेशाची (डिक्रीची), प्रमाणित प्रत मागितली. वकील तोवर वारले होते, केस नंबर कुणाला ठाऊक नव्हता, वर्षही अंदाजानं. आम्ही दोघी चार वेळा गेलो. शेवटी एका जुन्या डायरीत तारखेच्या पानावर नंबर सापडला आणि अभिलेख कक्षातून फाइल निघाली. निकालपत्र वेगळं आणि हुकूमनामा वेगळा. दोन्हींच्या सही-शिक्क्याच्या दोन-दोन प्रती निकालानंतर लगेच घ्या. जुन्या फाइलींतले काही कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात, त्यामुळे हे काम पुढं ढकलू नका.

नकलेचा अर्ज नक्कल विभागात द्यायचा. केस नंबर, पक्षकारांची नावं, कुठला कागद, तो कितव्या निशाणीवर (कोर्टानं कागदाला दिलेल्या क्रमांकावर) आहे. साक्षीपुरावा, अंतरिम आदेश, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद), सगळ्याची प्रत पक्षकाराला मागता येते. प्रत हातात आली की उलटून मागची बाजू पाहा. अर्ज कधी दिला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली, अशा तारखा तिथं शिक्क्यात भरलेल्या असतात. अपिलाची मुदत मोजताना प्रत तयार व्हायला लागलेला वेळ वगळतात, म्हणून त्या तारखा कोऱ्या दिसल्या तर खिडकी सोडण्याआधी भरून घ्या. आणि काही प्रती मोफत आहेत हे फार कमी जणींना माहीत असतं: घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, पोटगीच्या आदेशाची प्रत जिच्या बाजूनं आदेश झाला तिला, आणि घरगुती हिंसाचाराच्या आदेशाची प्रतही. मागितल्याशिवाय हातात पडत नाही, तेव्हा मागा.

दुसऱ्या कुणाच्या केसचे कागद मात्र असे मिळत नाहीत. स्थळ आलेल्या मुलाचा आधीचा घटस्फोट खरा आहे का, असं विचारायला मुलीचे वडील येतात. त्यांची काळजी मला पटते, पण त्रयस्थाला कारण देऊन न्यायालयाची परवानगी लागते, आणि वैवाहिक कामकाज बंद दाराआड चालवण्याची सोय कायद्यातच आहे. माहिती अधिकारानंही ते साधत नाही. न्यायालयाच्या नियमांखाली मिळणाऱ्या प्रती त्याच मार्गानं घ्याव्यात असं सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० रोजी ठरवलं. सोपा रस्ता म्हणजे मुलाकडेच सही-शिक्क्याचा हुकूमनामा मागणं आणि अपिलाची मुदत संपली का ते तारखेवरून पाहणं. खरं असेल तर तो दाखवेल.

पिशवीत शेवटी पाण्याची बाटली, डबा, दोन पेनं, चार पासपोर्ट फोटो, सुटे पैसे. लहान मूल असेल तर त्याला सांभाळायला कुणीतरी. समुपदेशकांच्या खोलीत पहिल्याच तारखेला पाठवलं जाऊ शकतं. तिथं रडू आलं तर येऊ द्या, पण दबावाखाली कशावरही सही करू नका, वाचायला वेळ मागा.

आणि पोटगीचा आदेश झाल्यावर वही बंद करू नका. कुठल्या महिन्याचे पैसे आले, कुठल्याचे नाही, पासबुकासमोर ठेवून लिहीत राहा. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. दोन महिने थकले की तिसऱ्याची वाट न पाहता या.