शिस्तभंगाच्या आदेशाविरुद्ध अपील करताना वकिलाने बार कौन्सिलची कागदपत्रे कशी मिळवावीत

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, निलंबित केल्याचा किंवा ताकीद दिल्याचा आदेश हाती पडला की बहुतेक वकील तो आदेशच पुनःपुन्हा वाचून त्यातून अपिलाचे मुद्दे शोधू लागतात. आदेश हा बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या शिस्तपालन समितीने स्वतःच्या निष्कर्षाच्या समर्थनार्थ लिहिलेला मजकूर असतो. नोटीस नीट बजावली गेली होती का, उलटतपासणीची संधी मिळाली होती का, ज्या कागदावर दोष ठेवला तो कागद वकिलाला कधी दाखवला होता का, या प्रश्नांची उत्तरे मूळ फाइलमध्ये असतात. म्हणून अपिलाचे पहिले काम फाइल मिळवणे हे आहे आणि ते मसुदा लिहायला बसण्याआधी सुरू झाले पाहिजे.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३७ नुसार राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीच्या आदेशाविरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करण्यास आदेश कळवल्याच्या तारखेपासून ६० दिवसांची मुदत आहे. मुदत कळवल्याच्या तारखेपासून मोजली जात असल्यामुळे आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट, त्यावरील टपाल शिक्क्यासह, जपून ठेवावे. अपील दाखल झाल्याने आदेशाला आपोआप स्थगिती मिळत नाही. मात्र कलम ४० खाली, अपिलाची मुदत संपण्यापूर्वी, ज्या समितीने आदेश दिला तिच्याकडेच स्थगितीचा अर्ज करता येतो. तो अर्ज आणि फाइलमधील कागदांच्या प्रती मागणारा नक्कल अर्ज एकाच दिवशी द्यावेत आणि दोन्हींच्या स्थळप्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. नक्कल मागितली होती पण मिळाली नाही, हे पुढे सिद्ध करण्याची वेळ आली तर पोच असलेली ती एक प्रतच उपयोगी पडते.

अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत पक्षकारांना विनाशुल्क द्यावी लागते. उरलेल्या कागदांसाठी अर्ज करून फी भरावी लागते, पण त्याआधी फाइलची पाहणी करण्याची परवानगी मागावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘संपूर्ण रेकॉर्डच्या नकला मिळाव्यात’ असा मोघम अर्ज केला की कार्यालय जे देईल तेच संपूर्ण रेकॉर्ड समजावे लागते. पाहणी करताना पानांना क्रमांक आहेत का, ते सलग आहेत का, हे आधी बघावे. नंतर रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद, उघडून प्रत्येक तारखेची नोंद स्वतःजवळच्या टिपणांशी आणि दिलेल्या अर्जांच्या पोचप्रतींशी ताडून पाहावी. समजा, वकिलाने तक्रारदाराची उलटतपासणी घेण्यासाठी अर्ज दिला होता, त्याची पोच त्याच्याकडे आहे, पण त्या तारखेच्या रोजनाम्यात फक्त ‘तक्रारदाराचे प्रतिज्ञापत्र दाखल, प्रकरण आदेशासाठी बंद’ एवढीच नोंद आहे आणि अर्ज फाइलमध्ये कुठेच नाही. अपिलात ही एक विसंगती दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त वजनदार ठरते. अशा वेळी रोजनाम्याच्या त्या पानाची आणि त्यापुढच्या पानाचीही प्रमाणित प्रत घ्यावी, म्हणजे अर्जावर नंतरही काहीच आदेश झाला नाही हे दिसेल.

फाइलमध्ये दोन गोष्टी हटकून शोधाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे ज्या ठरावाने तक्रार शिस्तपालन समितीकडे पाठवली तो ठराव आणि त्या बैठकीचे इतिवृत्त. वकिलाने गैरवर्तन केले असल्याचे ‘मानण्यास कारण’ असेल तरच राज्य बार कौन्सिल प्रकरण समितीकडे पाठवू शकते, ही कलम ३५ ची अट आहे. नंदलाल खोडीदास बारोट विरुद्ध बार कौन्सिल ऑफ गुजरात या १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट गांभीर्याने घेतली आणि बार कौन्सिलने विचारपूर्वक निर्णय घेतल्याचे रेकॉर्डवरून दिसले पाहिजे असे सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या एका प्रकरणातही कारणांविना तक्रार समितीकडे पाठवणे न्यायालयाने टिकू दिले नाही. ठराव एका ओळीचा असेल तर ती ओळच अपिलाचा पहिला मुद्दा होते; म्हणून ठरावाची प्रत मिळाल्याशिवाय अपिलाची टिपणे पूर्ण झाली असे समजू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ तक्रारीवरील आवक शिक्का. कलम ३६ ब प्रमाणे राज्य समितीने तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात प्रकरण निकाली काढायचे असते. तसे न झाल्यास ते बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. तक्रारीवर लिहिलेली तारीख आणि ती कार्यालयात पोहोचल्याची तारीख वेगळी असू शकते, म्हणून शिक्क्यासह पहिल्या पानाची नक्कल आणि शंका असल्यास आवक-जावक नोंदवहीतील त्या दिवसाचा उताराही मागावा.

कागद ‘गोपनीय’ आहे किंवा ‘समितीने त्यावर भिस्त ठेवलेली नाही’ असे उत्तर मिळू शकते. अशा उत्तराला सामोरे जाताना सर्वोच्च न्यायालयाचा टी. ताकानो विरुद्ध सेबी हा २०२२ चा निकाल हाताशी असावा. तो रोखेबाजाराच्या नियामकासंबंधीचा असला तरी त्यातील तत्त्व व्यापक आहे: कार्यवाहीशी संबंधित आणि निर्णयावर परिणाम करू शकणारे साहित्य संबंधित व्यक्तीला दाखवले पाहिजे, केवळ ‘आम्ही त्यावर विसंबलो नाही’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. त्याच निकालाने हा हक्क अमर्याद नसल्याचेही सांगितले आहे. त्रयस्थांची खासगी माहिती वगळून प्रत देता येते. त्यामुळे नकार आला तर वगळणूक करून उरलेला भाग द्यावा, अशी पर्यायी मागणी त्याच अर्जात ठेवावी. समिती सदस्यांची आपापसांतील चर्चा किंवा आदेशाचे कच्चे मसुदे मात्र मागू नयेत. ते मिळणार नाहीत आणि रास्त मागण्यांसह सगळा अर्जच ‘उगाच केलेली चाचपणी’ म्हणून बाजूला पडेल.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ चा मार्ग समांतर ठेवावा, त्यावर विसंबून राहू नये. बार कौन्सिल कायद्याने स्थापन झालेली संस्था असल्याने तिच्याकडे अर्ज करता येतो. पण उत्तराला ३० दिवस, मग पहिले अपील, मग माहिती आयोगाकडे दुसरे अपील, असा हा प्रवास ६० दिवसांत संपत नाही. साक्षीपुरावा नक्कल अर्जानेच घ्यावा. समितीची रचना कोणत्या ठरावाने झाली, बैठकीस कोण हजर होते, नोटीस कोणत्या दिवशी पाठवली, अशी प्रशासकीय माहिती मात्र या मार्गाने चांगली मिळते.

मागूनही कागद मिळाला नाही तर तेवढ्यासाठी अपील थांबवू नये. मुदतीत अपील दाखल करून अपील ऐकणाऱ्या समितीपुढे अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४२ खाली स्वतंत्र अर्ज द्यावा. कागदपत्रे उघड करायला लावण्याचे, हजर करायला लावण्याचे आणि कोणत्याही कार्यालयातून सार्वजनिक अभिलेख मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्या समितीला आहेत. अर्जाची भाषा नेमकी असावी: ‘अमुक तारखेच्या बैठकीत अपिलार्थीविरुद्धची तक्रार शिस्तपालन समितीकडे पाठवण्याबाबत झालेला ठराव व इतिवृत्ताचा संबंधित भाग हजर करण्याचा आदेश व्हावा, अपिलार्थीने अमुक तारखेस नक्कल अर्ज दिला असून त्याची पोच सोबत जोडली आहे.’ प्रत्येक कागदापुढे तो अपिलाच्या कोणत्या मुद्द्यासाठी हवा आहे, हेही एका वाक्यात लिहावे.

याखेरीज प्रतिज्ञापत्रात नुकसान स्पष्ट मांडावे लागते, आणि अनेक चांगली अपिले येथेच दुबळी पडतात. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया विरुद्ध बी. करुणाकर या १९९३ च्या निकालापासून हे पक्के आहे की चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल दिला नाही एवढ्यावरून आदेश आपोआप रद्द होत नाही. तो न मिळाल्याने बचावाला काय बाधा आली हे पाहिले जाते. म्हणून ‘नैसर्गिक न्यायाचा भंग झाला’ असे ठोकळेबाज वाक्य लिहून थांबू नये. तो कागद वेळेवर मिळाला असता तर कोणत्या साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारला असता, कोणता उलट पुरावा दिला असता, हे तपशिलाने लिहावे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा आदेश विरुद्ध गेला तर कलम ३८ खाली सर्वोच्च न्यायालयात अपिलाला पुन्हा ६० दिवस मिळतात. कागदांची मागणी आणि तिला मिळालेला नकार दोन्ही लेखी असतील तर ते तेथे जोडता येतात. सुनावणीत तोंडी केलेली मागणी रोजनाम्यात नोंदवून घेतली नसेल, तर त्याच दिवशी पुरसिस, म्हणजे तसे लेखी निवेदन, देऊन ती रेकॉर्डवर आणावी.