अर्धांगवायूनंतरचा दुखरा खांदा : नव्या फिजिओथेरपिस्टसाठी काही अनुभव

बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, चार वर्षे पूर्ण करून सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये मी न्यूरोच्या वॉर्डात रुजू झाले, तेव्हा खांद्याचे मोबिलायझेशन, म्हणजे सांधा हाताने हलवून मोकळा करणे, आपल्याला येते, अशी माझी समजूत होती. मेटलंडच्या श्रेणी, म्हणजे सांधा हळुवार ते खोलवर हलवण्याच्या पायऱ्या, पाठ होत्या आणि फ्रोझन शोल्डरचे (आखडलेल्या खांद्याचे) बरेच रुग्ण मी ओपीडीत हाताळलेही होते. दुसऱ्याच आठवड्यात, उजवी बाजू लुळी पडलेल्या एका आजोबांचा हात मी सवयीप्रमाणे मनगट आणि कोपर धरून डोक्याकडे नेऊ लागले. त्यांची वाचा गेलेली होती. त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट घट्ट पकडले आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवसापासून मी खाटेजवळ गेले की ते दुखरा हात पोटाशी धरून ठेवू लागले. त्यांचा विश्वास परत मिळवायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले.

माझे काय चुकले, ते सीनियरांनी त्याच दिवशी समजावून सांगितले. निरोगी माणसाचा हात 180 अंशांपर्यंत वर जातो, तेव्हा ढोबळमानाने 120 अंशांची हालचाल खांद्याच्या सांध्यात होते आणि उरलेले 60 अंश पाठीवरचे स्कॅपुलाचे हाड फिरल्यामुळे मिळतात. शिवाय दंडाचे हाड त्याच वेळी बाहेरच्या बाजूला वळते, म्हणून त्याचा वरचा उंचवटा अक्रोमियनखाली, म्हणजे स्कॅपुलाच्या खांद्यावरच्या टोकाखाली, अडकत नाही. अर्धांगवायूनंतर सुरुवातीच्या काळात स्नायू सैल पडलेले असल्यामुळे स्कॅपुला जागचे हलत नाही आणि पुढे ताठरपणा आला की सबस्कॅप्युलारिस हा स्कॅपुलाच्या आतल्या बाजूचा स्नायू आणि छातीचे स्नायू दंडाला आत ओढून धरतात. अशा वेळी नुसता हात वर नेला, तर सुप्रास्पिनॅटस या खांद्याच्या स्नायूचा टेंडन (कंडरा) दोन हाडांमध्ये चिमटला जातो. म्हणून स्कॅपुला मोकळे झालेले नसेल आणि दंड बाहेर वळत नसेल, तर रुग्णाचा हात 90 अंशांच्या वर नेऊ नये. हा नियम मी आजही मोडत नाही.

तपासणी करताना रुग्णाला आधार देऊन बसवावे आणि अक्रोमियनच्या कडेखाली बोट ठेवून पाहावे. सांधा खाली सरकलेला असेल, तर तेथे खळगा जाणवतो. कधी त्यात अर्धे बोट मावते, कधी पूर्ण. मात्र खळगा सापडला म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे मानू नये. मोठा खळगा असूनही अजिबात न दुखणारे खांदे मी पाहिले आहेत, आणि सांधा जागेवर असूनही रात्रभर झोपू न देणारे खांदेही पाहिले आहेत. माझ्या मते सर्वांत बोलकी खूण म्हणजे हात बाहेर वळवताना होणारी अडवणूक. ती ताठरपणामुळे आहे की सांध्याचे आवरण आखडल्यामुळे, हे हालचाल एकदा संथ आणि एकदा जलद करून बरेचसे ओळखता येते, कारण ताठर स्नायू वेगाला जास्त विरोध करतो.

प्रत्यक्ष उपचारात मी रुग्णाला चांगल्या कुशीवर झोपवते, दुखरा हात पुढे उशीवर ठेवते आणि त्याच्या समोर उभी राहते. एक तळहात स्कॅपुलाच्या खालच्या टोकाशी, दुसरा खांद्यावर. सुरुवातीची काही मिनिटे जोर मुळीच लावायचा नाही. हाड वर, खाली, पुढे, मागे हळूहळू सरकवत राहायचे आणि ते कोठे अडते, तेवढे लक्षात घ्यायचे. थोड्या वेळाने तळहाताखालचा कडकपणा उतरू लागतो. तो उतरला की रुग्णाचा पूर्ण हात आपल्या कोपरापासून तळहातापर्यंत पेलून धरायचा, दंड आधी बाहेर वळवायचा आणि मगच स्कॅपुलासोबत वर न्यायचा. वेदनेसाठी पहिली आणि दुसरी श्रेणी पुरते. तिसरी आणि चौथी आखडलेल्या आवरणासाठी राखून ठेवावी. सैल पडलेल्या, खाली सरकलेल्या सांध्यावर ताण देऊन ओढण्याचे तंत्र वापरू नये, कारण त्याचे आवरण आधीच ताणलेले असते आणि संवेदना कमी झाल्या असतील, तर रुग्णाला ते कळतही नाही. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या हाताकडे नव्हे, चेहऱ्याकडे पाहत काम करावे.

हे सगळे जेमतेम वीस मिनिटांचे काम आहे आणि उरलेल्या दिवसात ते सहज वाया जाते. वॉर्डातले मामा रुग्णाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढतात. घरी सून सदरा घालताना चांगला हात आधी बाहीत घालते आणि मग दुखरा हात ओढते. म्हणून पहिल्याच दिवशी नातेवाइकांना शिकवावे : घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी, बसल्यावर हाताखाली उशी, उठवताना हात धरून ओढायचे नाही. झोपाळ्याच्या कडीला दोरी बांधून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढण्याचा व्यायाम पुष्कळ घरांत कौतुकाने करून घेतला जातो. तो प्रेमापोटी केला जातो, हे मला कळते; तरीही तो थांबवावाच लागतो, कारण त्यात स्कॅपुलाला फिरवणारे कोणीच नसते. तेल लावून हात झटकून मोकळा करणाऱ्या मालिशवाल्याबद्दलही हेच सांगावे लागते.

खांद्याबरोबर पंजा सुजलेला, गरम आणि चकचकीत दिसला आणि बोटे हलवताना रुग्ण कळवळला, तर त्या दिवशी मोबिलायझेशन थांबवून डॉक्टरांना दाखवावे. अतिशय ताठर स्नायूंसाठी, ते सैल करणाऱ्या बोटुलिनमच्या इंजेक्शनचा विचारही त्यांनाच करावा लागतो. आपला नुसता हात तेथे पुरत नाही.

आणि केसपेपरवर ‘खांदा दुखतो’ एवढेच लिहू नये. हात किती अंश बाहेर वळतो, दुखणे कोणत्या अंशाला सुरू होते आणि रात्री रुग्ण कोणत्या कुशीवर झोपतो, हे रोज तारखेसह लिहावे. पोस्टिंग बदलले की पुढचा इंटर्न त्याच खाटेपाशी येतो, आणि रुग्णाला बोलता येत नसेल, तर कोठे थांबायचे ते त्याला त्या कागदावरूनच कळते.