सिनेमातला आशियाई माणूस नीट बघायचा कसा

माझी रूममेट इंफाळची आहे. कर्वेनगरला आमचा दोघींचा फ्लॅट, आणि शनिवारी रात्री भांडी आवरली की लॅपटॉपवर काहीतरी लावायचं हे ठरलेलं. दोनेक वर्षांपूर्वी मी मोठ्या उत्साहाने ‘मेरी कोम’ लावला, म्हटलं हिच्या घरची गोष्ट आहे, हिला आवडेल. पिक्चर संपला, माझे डोळे भरलेले आणि ती गप्प. मग हिंदीत म्हणाली की प्रियांकाने मेहनत खूप घेतलीय, पण आमच्या मेरीच्या जागी माझ्या मावशीसारखा चेहरा असता तर किती बरं वाटलं असतं. लिन लैश्राम ही मणिपूरचीच नटी त्यात आहे, पण छोट्या रोलमधे. आणि मणिपूरमधे २००० पासून एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातलेली, त्यामुळे २०१४ ला हा पिक्चर तिकडे थिएटरला लागलाच नाही, हेही मला तिच्याकडूनच कळलं. त्या रात्री मला जाणवलं की मी सिनेमे खूप बघते पण बघायचं कसं हे मला कोणी शिकवलेलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघींनी मिळून ज्या सवयी लावून घेतल्या त्या इथे लिहितेय, कोणाला उपयोगी पडल्या तर बघा.

सगळ्यात आधी हॉलिवूड बाजूला ठेवा आणि हिंदी पिक्चरमधला मराठी माणूस आठवा. कामवाली बाई, नाव शांताबाई नाहीतर कांताबाई. हवालदार, पोट सुटलेला, चिरीमिरी घेणारा. असं पात्र आलं की आपल्याला पोटात काहीतरी होतं ना, नुसता राग नाही, आपल्याच घरातल्या कोणाला तरी परक्या लोकांसमोर हसलेत असं काहीतरी, ते नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळीकडे हेच माप वापरायचंय. हे माप आपल्याकडे तयार आहे हा आपला फायदाच आहे. मी आईला हे असं समजावलं तेव्हा तिला एका मिनिटात कळलं, त्याआधी मी रिप्रेझेंटेशन वगैरे शब्द वापरत होते तेव्हा ती सरळ उठून कुकर लावायला गेलेली.

मग कास्टिंग बघा, म्हणजे कोणाच्या जागी कोण उभंय. १९३७ चा ‘द गुड अर्थ’ हा हॉलिवूडचा सिनेमा चिनी शेतकरी नवरा-बायकोचा. नवरा झाला पॉल म्युनी, बायको झाली लुईस रायनर, दोघं गोरे, आणि रायनरला त्यासाठी ऑस्कर पण मिळालं. तेव्हा ॲना मे वाँग ही चिनी वंशाची नामांकित नटी तिथेच लॉस एंजेलिसला होती, जन्मच तिथला, पण हिरो गोरा असल्यामुळे त्याची बायको म्हणून ती चालणार नव्हती, तेव्हाच्या नियमात वेगळ्या वंशाची जोडी पडद्यावर दाखवायचीच नाही असं होतं. तिला दिली ती पुरुषाला नादी लावणाऱ्या बाईची भूमिका, जी तिने नाकारली.

आता हे वाचून चिडायला सोपं आहे, मी पण चिडले. पण तसंच घराजवळचं बघा. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मधे चीनला गेले, तिथे जखमी सैनिकांवर उपचार केले, गुओ छिंगलान या नर्सशी लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरमधे ३२ व्या वर्षी तिथेच गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मधे त्यांच्यावर सिनेमा काढला, स्वतः कोटणीस झाले, आणि चिनी बायकोच्या भूमिकेत जयश्री. मला तो सिनेमा मनापासून आवडतो, तो प्रेमाने काढलेला आहे हे प्रत्येक सीनमधे दिसतं, आणि तरीही चिनी बाई म्हणजे डोळ्यांचा मेकअप केलेली आपलीच नटी हे पण त्यात आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मला वाटतं ही सवय सगळ्यात महत्त्वाची आहे, आवडलेल्या गोष्टीत खटकलेलं बोलून दाखवायची, नाहीतर मग आपण फक्त नावडत्या सिनेमांचेच दोष काढत बसतो.

तिसरं म्हणजे कान. हे काम मराठी माणसाला फार चांगलं जमतं कारण आपल्याकडे नात्यांना शब्दच इतके आहेत. ‘ब्रिजर्टन’ या इंग्रजी सिरीयलचा दुसरा सीझन २०२२ ला आला तेव्हा भारतीय वंशाच्या दोन सावळ्या मुली, त्या पण हिरॉइन, आणि भरजरी कपड्यात, हे बघून मला खरंच आनंद झालेला, मी दोन रात्रीत संपवला. पण ऐका, आडनाव शर्मा, वडिलांना म्हणतात अप्पा, धाकटी मोठीला म्हणते दीदी आणि मोठी धाकटीला म्हणते बोन, जो बंगाली शब्द आहे. हे कुठल्या गावचं कुटुंब आहे? कुठलंच नाही. असंच ‘द बिग बँग थिअरी’ या अमेरिकन सिरीयलमधला राज, घर दिल्लीचं आणि आडनाव कूथ्रपल्ली, आणि पहिले सहा सीझन तो दारू प्यायल्याशिवाय बायकांशी बोलूच शकत नाही. कुणाल नय्यर चांगला नट आहे, त्याचं टायमिंग मला आवडतं, पण लिहिणाऱ्यांनी त्या मुलाला घरच दिलेलं नाही असं मला प्रत्येक वेळी वाटतं. म्हणून आमचा नियम असा, पात्र आलं की विचारायचं, याचं गाव कुठलं आणि याला घरी काय हाक मारतात. उत्तर सापडलं तर लिहिणाऱ्याने काम केलंय.

आणि सबटायटलवर पूर्ण भरवसा ठेवू नका. ‘स्क्विड गेम’ या कोरियन सिरीयलमधला अली आठवतो का, पाकिस्तानी कामगार, तो रोल केलाय आपल्या दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीने, जो कोरियात जाऊन नाटक शिकला आणि उत्तम कोरियन बोलतो. अली आधी सोबतच्या सांगवू या कोरियन खेळाडूला साजांगनिम म्हणतो, म्हणजे मालक, शेठ असं. मग सांगवू त्याला सांगतो की मला ह्योंग म्हण, म्हणजे दादा. इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्याला हा बदल जवळजवळ कळतच नाही, पण मराठी माणसाला दादा शब्दाचं वजन माहितीये, आणि पुढे तोच दादा त्या पोराला फसवतो तेव्हा ते किती भयानक आहे हे आपल्याला जास्त लागतं. त्यामुळे कोरियन, जपानी, फारसी काही बघताना दोन-चार नात्याचे शब्द आधी शिकून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

जेवणाचे सीन तर सोडूच नका. १९८४ चा इंडियाना जोन्सचा पिक्चर, ‘टेम्पल ऑफ डूम’, त्यात भारतीय राजवाड्यातल्या पंगतीत जिवंत साप, किडे, डोळ्यांचं सूप आणि माकडाचा मेंदू वाढतात. शूटिंग भारतात झालंच नाही, श्रीलंकेत झालं. अमरीश पुरी त्यात व्हिलन. त्यातच केय हुय क्वान नावाचा छोटा मुलगा आहे, मोठा झाल्यावर त्याला कामच मिळेना म्हणून तो कॅमेऱ्यामागे गेला आणि २०२३ मधे परत येऊन त्याने ऑस्कर घेतलं, मधे जवळपास ४० वर्षं गेली, म्हणून सिनेमा संपल्यावर नटाचं पुढे काय झालं हे पण जरूर शोधा. याच्या उलट ‘पॅरासाइट’ हा कोरियन सिनेमा बघा, साधे इन्स्टंट नूडल्स आणि त्यावर महागडं बीफ, एका वाटीत श्रीमंत-गरीब सगळं आलं. आणि ‘अखुनी’ बघा, दिल्लीत राहणारी ईशान्येकडची पोरं मैत्रिणीच्या लग्नासाठी आंबवलेल्या सोयाबीनचं जेवण करायला जागा शोधत फिरतात कारण शेजाऱ्यांना वास चालत नाही. त्यात नेपाळी मुलीचा रोल पुन्हा बंगाली नटीने केलाय, ते खटकलं, पण पिक्चर बघून झाल्यावर आमच्या सोसायटीत रूममेट काही शिजवायच्या आधी खिडक्या का बंद करते ते मला कळलं. मी इतके महिने विचारलंही नव्हतं.

रंगाकडे पटकन बघून घ्या, आशियातलं शहर आलं की पडदा पिवळा होतो का. ‘एक्स्ट्रॅक्शन’मधलं ढाका तसं आहे, आणि त्यातलं बरंचसं ढाका म्हणजे अहमदाबाद आहे.

एकाच सिनेमावरून एखादा देश ठरवायचा नाही म्हणून जोडी लावून बघा. बाहेरच्यांनी काढलेला एक आणि त्याच मातीतल्यांनी काढलेला एक. ‘नॉट विदाउट माय डॉटर’ (१९९१) मधला इराणी नवरा आल्फ्रेड मोलिना या ब्रिटिश नटाने केलाय आणि त्यातलं इराण नुसतं भीतीदायक आहे. त्याच आठवड्यात माजिद मजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ बघा, बहीण-भाऊ बुटांचा एकच जोड वाटून घेऊन शाळेत जातात एवढीच गोष्ट. पुण्यात इराणी विद्यार्थी कितीतरी वर्षांपासून शिकायला येतायत, आपण इराण्याच्या हॉटेलात बन मस्का खात मोठे झालो, आपल्याला तर हे जास्त जवळचं वाटायला हवं. असे सिनेमे शोधायला पुण्याएवढं सोयीचं शहर नाही, पिफ हा फिल्म फेस्टिव्हल असतो, लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे, आणि प्रभात स्टुडिओच्या जुन्या जागेत एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी संस्था. सिक्कीमचा डॅनी डेन्झोंग्पा तिथेच शिकला. मूळ नाव त्शेरिंग फिंत्सो, सोबतच्यांना म्हणायला अवघड जायचं म्हणून डॅनी झालं. मला हे कळल्यापासून मी लोकांची नावं दोनदा विचारून नीट शिकते.

शेवटचं, बघून झाल्यावर बोलायचं कसं. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला ‘तुमच्यात खरंच असं असतं का’ विचारू नका, तिने सगळ्या मणिपूरचा हिशोब का द्यावा? ‘तुला कुठे खटकलं’ एवढंच विचारा आणि मग गप्प बसून ऐका. घरच्यांसोबत बघत असाल तर सीन चालू असताना भाषण देऊ नका, एखादाच सीन निवडून जेवताना विषय काढा.

गेल्या दिवाळीत आई आमच्याकडे राहायला आलेली तेव्हा तिच्या आवडीचा एक जुना मराठी पिक्चर लावला, तिघी सतरंजीवर बसून चकली खात बघत होतो. त्यात रात्री काठी आपटत गुरखा येतो, ‘शाब शाब’ करतो आणि थिएटर हसावं असा तो सीन आहे. मी आणि आई सवयीने हसलो. रूममेटने हात पुढे करून पॉज केलं, थोडं मागे घेतलं, परत बघितलं, आणि आईला अगदी साधेपणाने विचारलं, “आंटी, इनका गाँव कौनसा है?” आईने माझ्याकडे बघितलं, मी पडद्याकडे. मग आईने रिमोट मागितला आणि म्हणाली परत पहिल्यापासून लाव, नीट बघूया.