झोपेसाठी चिनी औषध घेताय? या चुका टाळा

"झोपेसाठी चायनीजमध्ये काय चांगलं मिळतं?" मी ॲक्युपंक्चर करते म्हटल्यावर लोकांचा पहिला प्रश्न हाच. चिनी वैद्यकात सगळ्यांना चालेल अशी झोपेची गोळी नसतेच. झोप कशी मोडते हे वैद्य आधी विचारतो आणि औषध त्यावरून ठरतं. हा टप्पा गाळला की पुढे सगळं बिघडतं.

दुसऱ्याला लागू पडलेलं औषध उचलणं

काळजीने सगळ्यांची झोप एकाच तऱ्हेने उडत नाही. कुणी दमलेला, फिकट, भूक मेलेली आणि डोक्यात विचारांचं चक्र: चिनी वैद्य म्हणेल हृदय आणि प्लीहा अशक्त. कुणाची चिडचिड, डोळे लाल, तोंड कडू: यकृताची आग. कुणाच्या घशाशी आंबट, छाती भरलेली, जिभेवर पिवळा चिकट थर: कफ आणि उष्णता. ही त्यांच्या शास्त्रातली भाषा आहे, रक्ताच्या रिपोर्टमधल्या लिव्हरशी तिचा मेळ घालत बसू नका.

आयटीतल्या एका मुलीला सिंगापूरहून भावाने 'गुई पी'च्या काळ्या गोळ्या पाठवल्या. त्याला त्यांनी छान झोप लागली होती. हे औषध जुनं, यान योंगहे या वैद्याने १२५३ मध्ये नोंदवलेलं. त्यात जिनसेंग आणि हुआंग ची या मुळ्या, लिचीसारख्या लोंगन फळाचा गर, म्हणजे सगळं बळ देणारं आणि उष्णतेकडे झुकणारं. भाऊ काटकुळा, थकलेला, त्याला ते मानवलं. ही साडेदहाला पोटभर जेवून पुन्हा लॅपटॉप उघडणारी, ॲसिडिटीने बेजार. गोळ्यांनी जळजळ वाढली, मध्यरात्री घाम फुटून जाग यायला लागली. तर हिने काय करावं? डोस दुप्पट! माझ्याकडे आली तेव्हा रात्री आडवं व्हायचीच भीती बसली होती. मी आधी गोळ्या बंद करायला लावल्या आणि जेवण साडेसातला आणलं. सुया दिल्या त्या पोटासाठीच्या बिंदूंवर. पोट स्वस्थ नसेल तर झोप स्वस्थ नसते, हे चिनी वैद्यकातलं फार जुनं सूत्र आहे. झोप हळूहळू बसली. हळूहळूच बसते.

जीभ घासून दाखवायला येणं

आपल्याकडे सकाळी जीभ खरवडायची सवय. पण वैद्याला तोच थर बघायचा असतो. त्या दिवशी जीभ घासू नका, आदल्या रात्री हळदीचं दूध नको, सकाळी चहा-कॉफीही नको, नाहीतर पिवळा रंग हळदीचा की आजाराचा हे कळणार कसं? मी पेशंटला दिवसाउजेडात, खिडकीपाशीच जीभ दाखवायला लावते.

डॉक्टरची गोळी एका रात्रीत सोडणं

याचा मला खरोखर राग येतो. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम ही गुंगीची गोळी रोज घेणारा माणूस चिनी काढा मिळाला की त्याच रात्री गोळी फेकून देतो. मग झोप आणखी उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिट येते, आणि नाव काढ्याचं खराब होतं. डोस कमी करायचा तो गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने. काढाही घेताय हे त्यांना सांगा, दोन्हींची गुंगी एकत्र चढू शकते.

बोराच्या आठोळ्या उकळणं

चिनी काढ्यातली 'स्वान झाओ रेन' म्हणजे एका रानटी काटेरी बोराची बी. हे वाचून लोक बाजारातल्या बोरांच्या आठोळ्या साठवतात. आपलं बोर वेगळ्या जातीचं. शिवाय औषधात कडक आठोळी नाही, तिच्या आतली चपटी, तांबूस बी लागते. चीनच्या बाजारातही आपल्या बोराची बी भेसळ म्हणून मिसळतात. खरी बीसुद्धा अख्खी टाकून उपयोग नाही, ती ठेचून घालतात. चांग चुंगचिंग या प्राचीन चिनी वैद्याच्या कृतीत आठ माप पाण्यात आधी ही एकटी बी उकळून पाणी सहा माप करायचं, मग बाकीची औषधं घालून तीन मापांवर आणायचं. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी काढ्याच्या वाटेला जाऊच नये.

आणखी काही

काढा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नका. मातीचं किंवा काचेचं भांडं घ्या.

ज्येष्ठमध बऱ्याच चिनी काढ्यांत असतं. बीपी किंवा पोटॅशियमचा त्रास असेल तर आधी विचारा.

जुन्या काही झोपेच्या गोळ्यांत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग असतं. घटक वाचता येत नसतील तर ती डबी उघडू नका.

गरोदरपणी पायाच्या आतल्या बाजूचा, घोट्याच्या चार बोटं वरचा 'सान यिन जिआव' बिंदू दाबू नका.

मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला खोलगट जागा लागते, तो झोपेसाठी दाबायचा 'शेन मेन' बिंदू. तो अंथरुणात मोबाइल बघत दाबू नका. मी खुर्चीत बसून, दिवा मंद करून, दोन्ही हातांचा मिनिटभर दाबायला सांगते.

आणि घोरताना श्वास अडकत असेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर सुया आणि काढे नंतर. आधी डॉक्टर, त्याच दिवशी.